धुराचं मिथेनॉल आणि चांद्याचा हिशोब

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि 'अं अं' काढलंय.)

आजचा एपिसोड माझ्या एका मावसभावामुळे झालाय.

मी मूळचा चंद्रपूरचा. शिक्षण बीटेक, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. केमिस्ट्रीशी माझा शेवटचा संबंध फर्स्ट इयरला आला, आणि तोही काठावर पास होण्यापुरता. हा मावसभाऊ बारावी सायन्सला आहे. त्याचे वडील, म्हणजे माझे मावसाजी, कोळशाच्या खाणीत कंत्राटी कामाला. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला त्यानं मला एक व्हिडिओ पाठवला. 'भारतीय शास्त्रज्ञांचा चमत्कार, आता धुरापासून बनणार इंधन!' आणि खाली त्याचा मेसेज: "दादा, हे खरं आहे काय? मग थर्मल काऊन बंद करतील? धूरच राहणार नाही तर कोळसा चालूच राहील ना?"

मी 'बघून सांगतो' म्हणालो. चार दिवस बघितलं. मग लक्षात आलं, की याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. ते द्यायचं तर आधी आपल्या जिल्ह्याची गोष्ट सांगावी लागते. तर ती गोष्ट.

जमिनीखालचं जंगल

शाळेत 'गोंडवाना' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि आपला भारत एकत्र जोडलेले होते, त्या प्राचीन महाखंडाचं नाव. हे जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांतलं नाव आलंय गोंडांच्या मुलखावरून, म्हणजे आपल्या मध्य भारतातून.

साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी इथे दलदल होती आणि तिच्यात ग्लोसोप्टेरिस नावाची झाडं होती. जिभेसारखी लांबट पानं. या पानांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला, ऊन घेतलं, पाणी घेतलं आणि लाकूड बनवलं. झाडं पडली, गाळाखाली गेली, दाबली गेली. तोच आज वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा. म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून उपयोगी वस्तू बनवण्याचा आपल्या जिल्ह्यातला पहिला कारखाना हा होता. मालक कोणी नाही, उत्पादन प्रचंड, आणि घाई अजिबात नाही.

मग माणूस आला. आता आपण जिला गडचिरोली आणि चंद्रपूर म्हणतो त्या मुलखात परंपरागत लोहार मातीच्या छोट्या भट्ट्यांमध्ये लोखंड गाळायचे. लोहारा, देऊळगाव इथल्या खनिजाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांच्या कागदपत्रांत सापडतात. त्या भट्टीत नेमकं काय व्हायचं? दगडात लोखंड आणि ऑक्सिजन एकमेकांना धरून बसलेले असतात. लाकडी कोळसा त्या ऑक्सिजनला ओढून घेतो. लोखंड मोकळं होतं, आणि कार्बन ऑक्सिजन घेऊन हवेत निघून जातो. भात्याशी बसलेल्या लोहाराला 'कार्बन' हा शब्द माहीत नव्हता, पण कार्बनची ऑक्सिजनसाठीची ओढ त्याला पक्की माहीत होती.

ही ओढ इंग्रजांनाही कळली, जरा महागात. १८७०च्या दशकात वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली. कोळसा न्यायला वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आणली. पण या कोळशाला एक खोड होती, तो आपोआप पेटायचा. हवा लागली, की हळूहळू तापायचा आणि धुमसायला लागायचा. १९०६ मध्ये ती खाण बंद झाली आणि काम बल्लारपूर, घुग्घुसकडे सरकलं.

वरोऱ्याची ही आग लक्षात ठेवा. कार्बनला ऑक्सिजन चिकटवायला काही करावं लागत नाही, तो स्वतःहून चिकटतो. आज ज्या तंत्रज्ञानाबद्दल आपण बोलतोय ते बरोबर उलटं काम करायला बघतंय: चिकटलेला ऑक्सिजन सोडवायचा.

एका जिल्ह्याचे दोन वाटे

पुढचं पटपट सांगतो. १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ मध्ये वेकोलि आली, मुख्यालय नागपूरला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. आणि अगदी त्याच काळात, १९८३-८४ मध्ये, दुर्गापूर-ऊर्जानगरला चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राचे पहिले संच सुरू झाले.

मला ही तारखांची जवळीक फार विचित्र वाटते. दोन भावांची वाटणी व्हावी तसं झालं. एकाच्या वाट्याला कोळसा, चिमण्या आणि सिमेंट आलं. दुसऱ्याच्या वाट्याला जंगल. तसं ताडोबा चंद्रपूरकडेच राहिलं, १९५५ पासूनचं महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, त्यामुळे वाटणी अगदी सरळ नाही. पण ढोबळमानानं तेच.

या केंद्रातले पहिले दोन संच आता निवृत्त झालेत. तरी आजची क्षमता आहे २,९२० मेगावॉट. मुंबई-पुण्याला एसी चालतात त्यात इथल्या विजेचा वाटा आहे. मी पुण्यात ज्या लॅपटॉपवर हे रेकॉर्ड करतोय त्यातही असेल.

आणि याची किंमत? २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. चंद्रपूरला मिळाले ८३.८८. देशात चौथा नंबर. आमच्या बॅचमध्ये विनोद होता, की चंद्रपूरनं मेरिट लिस्टमध्ये काढलेला हा एकच नंबर.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण व्हिडिओवाले ती हमखास घोळतात. सकाळी गाडीच्या सीटवर जी काळी पूड सापडते, घशात जे खवखवतं, तो कार्बन डायऑक्साइड नाही. ती राख, धूळ, सल्फरचे वायू. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. तो तुम्हाला खोकला देत नाही. तो वर जाऊन पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. मे महिन्यात ४७ अंश सोसणाऱ्या चंद्रपूरकरांना उष्णतेबद्दल मी वेगळं काय सांगणार! पण मुद्दा असा, की उद्या सगळा कार्बन डायऑक्साइड पकडला आणि बाकी काहीच केलं नाही, तरी सीटवरची पूड तशीच राहील. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

राख परत पेटवायची कशी?

आता थोडी केमिस्ट्री. पळू नका, मीही काठावरच पास झालो होतो.

चुलीत लाकूड जळालं की राख उरते. ती राख परत पेटते का? नाही. तिच्यातलं जळण्यासारखं सगळं संपलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड ही कार्बनची राख आहे, फक्त ती वायुरूपात आहे. तिच्यापासून इंधन बनवायचं म्हणजे राखेचं परत सरपण करायचं. जाळताना जेवढी ऊर्जा मिळाली, तेवढी तरी परत घालावीच लागणार. प्रत्यक्षात जास्तच, कारण वाटेत गळती असते.

मग उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट, काय करतो? गडचांदूरजवळचा माणिकगड किल्ला डोळ्यासमोर आणा. समजा वर जायला वाटच नाही, सरळ कडा आहे. एखादाच पट्टीचा गडी चढेल. आता तिथे कोणी पायऱ्या खोदल्या. आजीसुद्धा हळूहळू वर जाईल. उत्प्रेरक म्हणजे या पायऱ्या. चढणं शक्य होतं, लवकर होतं, आणि आपण ठरवलेल्या दरवाजातूनच आत जातो. पण गडाची उंची? ती तेवढीच राहते. पायऱ्या कितीही सुंदर खोदा, उंची एक फुटानंही कमी होत नाही. हे वाक्य पुढे कामाला येणार आहे.

या पायऱ्या खोदायला सुरुवात झाली ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी. फ्रान्समध्ये पॉल साबातिए नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांच्याबरोबर सांदेराँ नावाचे एक धर्मगुरूही काम करायचे. १९०२ मध्ये त्यांनी दाखवलं, की निकेल धातूच्या अगदी बारीक पुडीवरून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन गरम करून नेले, तर मिथेन आणि पाणी मिळतं. मिथेन म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू. १९१२ मध्ये साबातिएंना नोबेल मिळालं. आणि गंमत बघा, हीच प्रक्रिया वापरणारं यंत्र २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसवलं, अंतराळवीरांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडपासून पाणी मिळवायला.

म्हणजे 'धुरापासून इंधन' ही कालची बातमी नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे.

दुसरं उदाहरण तर तुमच्या घरात, निदान गावच्या घरात, पडलेलं असेल. युरियाचं पोतं. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड मिळून युरिया बनतो. जर्मनीत १९२२ पासून हे कारखान्यात होतंय. ४५ किलोचं एक पोतं बनवायला सुमारे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. जगात या वायूचा सगळ्यात मोठा औद्योगिक वापर हाच आहे. पण युरिया शेतात टाकला, मातीत विरघळला, की तो वायू परत हवेत. म्हणजे 'वापरला' आणि 'कायमचा बंदिस्त केला' यात फरक आहे. हेही लक्षात ठेवा.

निकेलच्या पुडीपासून काळ्या सोन्यापर्यंत

आता 'नॅनो' कुठून आलं? साबातिएंची निकेलची पूड बारीक का लागायची? कारण सगळी क्रिया धातूच्या पृष्ठभागावर होते. आतल्या अणूंना कामच मिळत नाही. एक साधा हिशोब करा. एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या, फाशाएवढा. त्याच्या सहा बाजू मिळून क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता तोच ठोकळा एक-एक नॅनोमीटरच्या तुकड्यांत कापला, तर सगळ्या तुकड्यांच्या बाजूंचं एकूण क्षेत्रफळ होतं ६,००० चौरस मीटर. म्हणजे जवळपास दीड एकर! फाशाएवढ्या धातूत दीड एकराचं वावर. त्या वावरात रेणू येतात, बसतात, तुटतात, जोडले जातात.

अडचण अशी, की हे कण एकटे राहायला तयार नसतात. उष्णता दिली की एकमेकांना चिकटून गोळा होतात, आणि दीड एकराचं परत अर्धा गुंठा होतं. म्हणून त्यांना बसवायला चांगला आधार लागतो.

इथे आपल्या विदर्भाचा माणूस गोष्टीत येतो. डॉ. विवेक पोलशेट्टीवार. विदर्भातल्या खेड्यात जन्म, अमरावती विद्यापीठातून शिक्षण, पुढे फ्रान्स, अमेरिका, सौदी अरेबिया असा प्रवास, आणि मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, स्वतःची प्रयोगशाळा. सौदीतल्या विद्यापीठात असताना २०१० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सिलिकाचे तंतुमय नॅनोगोळे बनवले. सिलिका म्हणजे वाळूतलाच पदार्थ. सूक्ष्मदर्शकाखाली तो गोळा झेंडूच्या फुलासारखा दिसतो, मधून सगळीकडे पाकळ्या निघालेल्या. या पाकळ्यांवर धातूचे कण बसवले, की ते एकमेकांपासून लांब राहतात आणि वायूलाही आतपर्यंत जायला वाट मिळते.

२०१९ मध्ये याच गटानं 'काळं सोनं' बनवलं. आमच्याकडे काळं सोनं म्हटलं की कोळसा. पण हे खरोखरचं सोनं. सोन्याचे नॅनोकण या सिलिकाच्या पाकळ्यांवर असे बसवले, की त्यांच्यातलं अंतर कुठे कमी, कुठे जास्त. एकटादुकटा सोन्याचा नॅनोकण लालसर दिसतो, कारण तो प्रकाशाचा ठराविक भागच शोषतो. पण असे वेगवेगळ्या अंतरांवरचे कण एकत्र आले, की ते दिसणारा जवळजवळ सगळा प्रकाश आणि अवरक्त किरणांचाही काही भाग शोषून घेतात. सगळा प्रकाश शोषला की वस्तू काळी दिसते. कणांमधल्या फटींत ऊर्जा एकवटते. आणि या काळ्या सोन्यानं सूर्यप्रकाशासारख्या प्रकाशात, साध्या दाबाला आणि साध्या तापमानाला, कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवून दाखवला.

साबातिएंना भट्टी लागत होती, इथे प्रकाश पुरला. हे खरंच मोठं काम आहे. त्या गटानं तेव्हा म्हटलं होतं, की पुढे कधीतरी अशा पदार्थाच्या पानांचं कृत्रिम झाड करता येईल. आणि त्यांनीच हेही सांगितलं होतं, की सध्या रूपांतराचं प्रमाण कमी आहे. व्हिडिओवाल्यानं पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडलं.

यात ते एकटे नाहीत. जपानमध्ये योशिओ होरी यांनी १९८०च्या दशकात दाखवलं होतं, की तांब्याच्या पट्टीवर वीज देऊन या वायूपासून मिथेन आणि इथिलीन मिळतं. इथिलीन म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल. आज जगभर नॅनो तांब्यावर काम चाललंय, त्याचं मूळ तिथे आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये आयआयटी मुंबईत कार्बन पकडणं आणि वापरणं या विषयाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. म्हणजे अभ्यास करायला मुंबईपर्यंत गेलं तरी पुरे.

पंचवीस सेकंद

प्रयोगशाळेतून कारखान्यात येऊ. चंद्रपूरसारख्याच कोळशाच्या मुलखात, मध्य प्रदेशात सिंगरौलीला, एनटीपीसीचं विंध्याचल केंद्र आहे. तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये चिमणीच्या धुरातून रोज २० टन कार्बन डायऑक्साइड वेगळा करणारं यंत्र सुरू झालं. पाण्याचं विजेनं विघटन करून हायड्रोजन काढायचा, दोघांना उत्प्रेरकावरून न्यायचं आणि रोज १० टन मिथेनॉल बनवायचं, अशी योजना. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी त्यातून मिथेनॉल काढून दाखवलं. व्हिडिओतला 'चमत्कार' बहुतेक हाच होता. बातमी खरी आहे, खोटी नाही.

पण मी सॉफ्टवेअरवाला. सिस्टिम छोट्या लोडवर चालली, की पहिला प्रश्न विचारतो: खऱ्या लोडवर काय होईल?

कोळशाच्या विजेत एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. थोडा इकडेतिकडे, पण हिशोबाला सोपं म्हणून एक किलो धरू. २,९२० मेगावॉटचं केंद्र पूर्ण क्षमतेनं एक तास चाललं तर २९ लाख २० हजार युनिट. म्हणजे तासाला सुमारे २,९०० टन. मिनिटाला ४८ टन. आणि विंध्याचलचं यंत्र दिवसभरात पकडतं २० टन.

म्हणजे आपलं केंद्र पूर्ण लोडवर असताना पंचवीस सेकंदांत जेवढा वायू सोडतं, तेवढा पकडायला ते यंत्र पूर्ण दिवस घेतं. तुम्ही रीलवर अंगठा फिरवता, पुढची रील येते, तेवढ्यात त्याचा दिवसभराचा कोटा संपला.

तुम्ही म्हणाल, यंत्रं वाढवा, उत्प्रेरक सुधारा. बरोबर. सर्व्हर वाढवता येतात. म्हणून दुसरा हिशोब करू. हा जास्त महत्त्वाचा आहे.

एक टन कार्बन डायऑक्साइडचं मिथेनॉल करायला सुमारे १३६ किलो हायड्रोजन लागतो. हे साधं रासायनिक समीकरण आहे, यात कोणाची हुशारी चालत नाही. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासेक युनिट वीज लागते. गुणाकार करा. जवळपास ७,००० युनिट.

आता हा एक टन वायू आला कुठून? कोळसा जाळून १,००० युनिट वीज बनवली तेव्हा. म्हणजे १,००० युनिट मिळवताना जो धूर झाला, त्याचं मिथेनॉल करायला ७,००० युनिट लागणार! आणि ती ७,००० युनिट कोळशाची असतील, तर आणखी सात टन धूर झाला. म्हणून ती सौर किंवा पवनऊर्जाच पाहिजे.

बरं, तुमच्याकडे ७,००० युनिट सौर वीज आहे. तिचं काय कराल? एक टन धुराचं मिथेनॉल कराल, जे गाडीत जाळलं की तोच एक टन परत हवेत जाईल? की ती वीज सरळ तारेत सोडाल, म्हणजे तेवढी कोळशाची वीज बनवावीच लागणार नाही आणि सात टन धूर होणारच नाही?

मी हा हिशोब तीनदा केला. वाटलं कुठेतरी शून्य चुकलंय. नाही चुकलं.

इथे माणिकगड आठवा. नॅनोउत्प्रेरक पायऱ्या खोदतो. त्या अजून चांगल्या होतील, व्हायलाच पाहिजेत, आज वाया जाणारी ऊर्जा त्यामुळे वाचेल. पण गडाची उंची निसर्गानं ठरवलीय. आणखी एक, चिमणीतला धूर म्हणजे शुद्ध कार्बन डायऑक्साइड नाही. तो असतो फक्त १२-१५ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन, आणि सोबत राख आणि सल्फर. सल्फर हे या उत्प्रेरकांचं विष आहे. दीड एकराच्या वावरात तणनाशक फवारल्यासारखं होतं. म्हणजे आधी धूर धुवून घ्यायचा, मग वायू वेगळा करायचा, आणि त्यालाही वीज लागते.

मग हे सगळं टाकाऊ आहे का?

अजिबात नाही. प्रश्न एवढाच, की ते कुठे वापरायचं.

वीज बनवायला कोळशाशिवाय दुसरे मार्ग आहेत. पण सिमेंटचं बघा. राजुरा, कोरपना, गडचांदूर, आवारपूर, हा सगळा चुनखडीचा पट्टा. सिमेंट करताना चुनखडी भाजतात. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की तिच्यातून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा जळणातून येत नाही, दगडातून येतो. भट्टी सूर्यावर चालवली तरी येणारच. इथे 'धूर होऊच देऊ नका' हा पर्याय तोकडा पडतो. म्हणून पकडणं आणि वापरणं याला सगळ्यात जास्त अर्थ सिमेंटमध्ये आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं पाच चाचणी प्रकल्प जाहीर केले, तेही खास सिमेंट उद्योगासाठी. हा योगायोग नाही.

आणि प्रत्येक उपयोगाला गड चढावा लागत नाही. कार्बन डायऑक्साइड सिमेंटच्या ओल्या विटेत मुरवला, तर तो चुन्याशी जोडला जाऊन परत दगड होतो. हा उताराचा रस्ता आहे, हायड्रोजन लागत नाही. आणि दगड झालेला वायू युरियासारखा पुढच्या पावसात परत येत नाही. चंद्रपुरात चुनखडी आहे, सिमेंट आहे, राखडीचे डोंगर आहेत. मला विचाराल तर इथल्या इंजिनियरिंगच्या पोरांनी फायनल इयर प्रोजेक्टला हा विषय घ्यावा. अटेंडन्स सिस्टिमचं ॲप आम्ही सगळ्यांनी बनवून झालंय.

मिथेनॉलचाही उपयोग आहे. रंग, औषधं, प्लायवूडचा डिंक, प्लास्टिक, या सगळ्यात ते लागतं, आणि कोळसा-वायू सोडून ते कशापासून तरी करावंच लागेल. जिथे विजेनं काम भागत नाही तिथे ते वापरा. फक्त कोळसा चालू ठेवायचं निमित्त म्हणून नको.

दुसऱ्या भावाचा वाटा

आता गडचिरोली. त्या जिल्ह्यातही आता चित्र बदलतंय. सुरजागडचं लोहखनिज निघतंय, कोनसरीला पोलाद उद्योग उभा राहतोय. लोहाराच्या मातीच्या भट्टीत जी क्रिया व्हायची, तीच आता अवाढव्य प्रमाणात. तिथे कोळशाऐवजी हायड्रोजननं ऑक्सिजन काढता येतो, मग धुराच्या जागी पाण्याची वाफ निघते. हायड्रोजन मिळालाच, तर तो धुरामागे पाठवण्यापेक्षा आधी इथे लावलेला बरा.

पण गडचिरोलीत अजूनही बहुतेक जमीन जंगलाखाली आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी हक्क मिळालेल्या गावांपैकी ते एक. २०११ मध्ये त्यांना स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचे वाहतूक परवाने मिळाले. त्याआधी कित्येक वर्षं या जंगलांतला बांबू कागद कारखान्याकडे जायचा, आणि गावाच्या हातात राहायची ती मजुरी.

बांबू म्हणजे काय? हवेतला कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊन. ग्लोसोप्टेरिसनं केलं तेच काम, आजही चालू. त्याला धूर धुवून द्यावा लागत नाही, हायड्रोजनचा प्लांट लागत नाही. त्याची खुर्ची झाली, घराचा वासा झाला, तर तो कार्बन वर्षानुवर्षं तिथेच राहतो. त्याची कार्यक्षमता कमी आहे, मान्य. पंचवीस सेकंदांचा हिशोब त्यालाही लागू आहे, कोणतंही जंगल तेवढ्या चिमण्यांना पुरं पडणार नाही. पण कृत्रिम झाडाची वाट बघताना खरी झाडं तोडत जाणं, हा हिशोब मात्र कुठल्याच कॅल्क्युलेटरवर बसत नाही.

तर, भावाला काय सांगितलं?

रविवारी फोन केला. म्हटलं, "व्हिडिओ खरा आहे, पण अर्धा. धुरापासून इंधन बनतं. त्यानं थर्मल वाचणार नाही."

तो गप्प. मग म्हणाला, "बाबाचं काय मग?"

खरा प्रश्न हाच होता, नाही का? त्याला उत्प्रेरकाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला जाणून घ्यायचं होतं, की घरात येणारा पगार किती वर्षं येईल. आणि याचं उत्तर कुठल्याही रसायनात नाही. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली तेव्हा तिथल्या मजुरांना काय सांगितलं गेलं, ते मी शोधलं, मला सापडलं नाही. यावेळी ते सापडावं. कोणत्या वर्षी कोणता संच थांबणार, त्या लोकांना कुठलं काम शिकवणार, सौर प्रकल्प इथेच येणार की दुसरीकडे, हे लेखी मागायला पाहिजे. चमत्काराचा व्हिडिओ आला की हे मागणं मागे पडतं. मला भीती वाटते ती याची.

त्याला शेवटी म्हटलं, "मावसाजींचं आत्ताच सांगता येत नाही मला. पण तुझं सांगतो. केमिस्ट्री आवडते ना तुला? मग शीक. गडचांदूरच्या भट्टीतला वायू दगडात कोंबायला माणसं लागणार आहेत."

म्हणाला, "दादा, तू तर काठावर पास झाला होतास ना?"

म्हटलं, म्हणूनच तुला सांगतोय.

तर मंडळी, आज इथेच थांबतो. तुमच्या घरात कोणी थर्मलला, खाणीत किंवा सिमेंटला काम केलं असेल, तर त्यांची एखादी आठवण आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. मला पाठवली नाहीत तरी चालेल, पण ठेवा. आणि असा व्हिडिओ परत आला, की फॉरवर्ड करायच्या आधी एकच विचारा: वीज कुठून येणार?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, पाणी पीत राहा, ऊन वाढलंय.